बाग कुठाय?

गेल्या दिवाळीच्या आदल्या रविवारी सौभाग्यवतींबरोबर पुण्याच्या तुळशीबागेत जाण्याचा योग आला. योग म्हणजे काय, पिशव्या धरायला माणूस हवा होता! बरोबर सात वर्षांचा नातू. पणत्या, रांगोळीची चाळणी, भातुकलीचा डबा अशी खरेदी आटोपल्यावर स्वारीने भर गर्दीत विचारले, "आजोबा, बाग कुठाय?"

आता काय सांगावे? इथे एकेकाळी खरोखरच तुळशी होत्या. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी त्या बागेत रामाचे देऊळ उभारले. पलीकडे बेलबाग, तिथे नाना फडणविसांचे विष्णुमंदिर आहे, बेलाची बाग नाही. विश्रामबाग म्हटले की दुसऱ्या बाजीरावाचा वाडा आठवतो आणि रमणबाग म्हटले की शाळेची घंटा! देवाला फुले हवीत म्हणून बाग; बागेत देव आला म्हणून गर्दी; गर्दी आली म्हणून दुकाने; आणि दुकानांना जागा हवी म्हणून बाग नको, असा हा हिशेब.

१८१८ साली पेशवाई बुडाली. वाड्यांना नवे धनी मिळाले, देवांना पुजारी होतेच. झाडांच्या वतीने बोलणारे मात्र कोणी उरले नाही. अर्थात त्या बागा होत्या श्रीमंतांच्या. तुमचे-आमचे पणजोबा तिथे हवा खायला गेले असते, तर देवडीवरच अडले असते.

तुमच्या-आमच्यासाठी बागा झाल्या त्या नगरपालिका-महापालिकांच्या काळात. १९५३ साली पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे उद्यान झाले, १९५६ साली तिथे 'फुलराणी' धावू लागली. पुढे वाघ-सिंह कात्रजला बिऱ्हाड घेऊन गेले. पण फुलराणीत बसलेल्या मुलांची मुले आणि आता नातवंडेही झाली. शेजारची सारसबाग म्हणजे तर उलटाच प्रकार! तिथे पूर्वी तळे होते आणि मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या वेळचा, १७८४ सालचा गणपती. तळे आटले, बुजले आणि त्यावर बाग फुलली. जुने पुणेकर अजून 'तळ्यातला गणपती'च म्हणतात.

पाडव्याच्या पहाटे नातवाला तिथे नेले. अंधारात हजारो पणत्या मिणमिणत होत्या. ओळखीचे-अनोळखी एकमेकांना शुभेच्छा देत होते. कोणी कोणाला घर किंवा हुद्दा विचारत नव्हते. एवढ्या दाट वस्तीच्या शहरात, खिशाला हात न लावता शेजाऱ्यासारखे उभे राहायला दुसरी जागा कुठली?

दर्शन झाल्यावर स्वारीने विचारलेच, "आजोबा, तळं कुठाय?"

त्याचे उत्तर देता आले. पायाखालच्या हिरवळीकडे बोट दाखवले.

पण आणखी पन्नास वर्षांनी याच्या नातवाने याच जागी उभे राहून "बाग कुठाय?" असे विचारले, तर? तेव्हा पेशव्यांकडे बोट दाखवता येणार नाही, वाचकहो. ही बाग आपली आहे.