आधी भांडार, मग दालन

संग्रहालयाच्या विस्ताराचा कोणताही प्रस्ताव उघडा. पहिल्या पानावर चौरस फूट, दुसऱ्यावर कॅफे, आणि भांडार कुठेतरी तळघरात, पावसाचं पाणी हमखास शिरेल अशा जागी. हा क्रम उलटा करायला हवा, असं आमचं मत आहे. ज्यांच्या टेबलावर असे आराखडे आहेत त्यांनी एकदा बेंगळुरूचा कस्तुरबा रोड पाहून यावा.

एडवर्ड बॅल्फोर यांच्या पुढाकाराने १८६५ मध्ये सुरू झालेलं शासकीय संग्रहालय १८७७ पासून इथल्या लाल इमारतीत आहे. सत्तरच्या दशकात लगतच वेंकटप्पा आर्ट गॅलरी उभी राहिली. इमारत साधीच, पण तिथल्या दालनांचं भाडं नवख्या चित्रकाराच्या खिशाला झेपायचं, म्हणून शहरातले कितीतरी कलावंत तिला आपली मानत आले. २०१५ मध्ये कर्नाटकच्या पर्यटन खात्याने ही गॅलरी अभिषेक पोद्दार यांच्या तस्वीर फाउंडेशनकडे सोपवण्याचा करार केला, तेव्हा हेच कलावंत रस्त्यावर उतरले. नूतनीकरण कोणाला नको होतं? प्रश्न होता, आम्हाला विचारलं कोणी? अखेर बेत बारगळला.

पोद्दार यांचं म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी पुढे त्याच रस्त्यावर, वेगळ्या जागेत, फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडलं. मॅथ्यू अँड घोष यांनी केलेल्या त्या पोलादी इमारतीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आम्हाला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: इमारत उघडण्याच्या दोनेक वर्षं आधी, डिसेंबर २०२० मध्ये, हे संग्रहालय ऑनलाइन सुरू झालं होतं. म्हणजे नोंदी आणि छायाचित्रणाचं काम भिंतींची वाट पाहत थांबलं नव्हतं. आत ग्रंथालय आणि जतन प्रयोगशाळाही आहे. खासगी पैसा होता म्हणून जमलं, असं म्हणणारे भेटतील. नोंदवही पुरी करायला पोलाद लागत नाही.

आता पुन्हा जुन्या इमारतीत या. तिथे आतकूरचा दहाव्या शतकातला वीरगळ आहे. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला हा दगड रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण जपतो. कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले त्यावर कोरले आहेत. लहान मूलसुद्धा थबकेल असा ऐवज! त्याला नवं दालन नको. बाजूने पडणारा उजेड, वाचता येईल असा फलक, समोर एक बाक आणि बाहेर पाणी व स्वच्छतागृह एवढं पुरे. सार्वजनिक जागा म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

आपल्याकडे काय? मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या विभागासाठी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. दशक उलटलं तरी तो कागदावरून उतरला नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वीस हजारांवर वस्तूंपैकी थोड्याच लोकांसमोर येतात आणि बावधनच्या विस्ताराची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. इमारत रखडली तर रखडली. पण तोवर प्रत्येक वस्तूची नोंद, छायाचित्र आणि अवस्थेचा अहवाल तयार करण्यापासून अभिरक्षकांना कोणी अडवलेलं नाही. या कामासाठी विस्ताराच्या अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष असावं आणि तो खर्च वास्तुविशारदाच्या नेमणुकीआधी मंजूर व्हावा, अशी आमची मागणी आहे.