विश्लेषण : च्यवनप्राशच्या डब्यावरील ‘अष्टवर्गा’तला कंद हिमालयातून नाहीसा का होतो आहे?

च्यवनप्राशच्या अनेक डब्यांवर ‘अष्टवर्गयुक्त’ असा शब्द दिसतो. या आठ औषधी वनस्पतींपैकी क्षीरकाकोली म्हणून ओळखली जाणारी हिमालयीन लिली आज ‘अतिसंकटग्रस्त’ मानली जाते. ही वेळ का आली आणि त्यावर उपाय कोणते, याविषयी...

ही वनस्पती कोणती?

लिलियम पॉलिफायलम हे तिचे शास्त्रीय नाव. अफगाणिस्तानपासून पश्चिम हिमालयापर्यंतच्या थंड, जंगली उतारांवर ती वाढते. भारतात काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथे तिची नोंद आहे. जून-जुलैमध्ये तिला पांढरट, सुवासिक फुले येतात. त्यांच्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके असतात. व्यापारात मागणी मात्र फुलाला नाही, जमिनीखालच्या कंदाला आहे. अष्टवर्गात जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी आणि वृद्धी यांचा समावेश होतो. यांतील काही नावे नेमक्या कोणत्या वनस्पतींची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. क्षीरकाकोली म्हणजे हीच लिली, असे मात्र अनेक जण मानतात.

‘अतिसंकटग्रस्त’ म्हणजे नेमके काय?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत 2015 मध्ये या लिलीची नोंद या श्रेणीत प्रसिद्ध झाली. निसर्गातून पूर्ण नाहीशी होण्याआधीची ही सर्वात गंभीर श्रेणी आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ अधिक असेल त्यात, संख्या 80 टक्के किंवा त्याहून जास्त घटणे हा या श्रेणीचा एक निकष आहे. लाल यादी हा कायदा नव्हे. ती धोका किती मोठा आहे हे सांगते; खोदणाऱ्याचा हात ती थांबवू शकत नाही.

कंदवर्गीय वनस्पतींना धोका अधिक का?

पान किंवा फळ तोडले तरी झाड उरते. कंद काढला की अख्खी वनस्पतीच संपते. त्यातच फुलावर आलेले रोप जंगलात सहज नजरेस पडते. बी पिकण्याआधीच ते उपटले, तर पुढची पिढीही त्याच्याबरोबर जाते. बियांपासून उगवलेल्या लिलीला फुलावर यायला काही वर्षे लागतात, त्यामुळे झालेली तूट लवकर भरून निघत नाही. फ्रिटिलारिया सिरोसा या हिमालयातील दुसऱ्या औषधी कंदाचीही हीच कथा आहे. त्याची संख्या 22 ते 26 वर्षांत किमान 30 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष काढून डिसेंबर 2022 मध्ये त्याला ‘असुरक्षित’ श्रेणीत टाकण्यात आले.

कायदा काय सांगतो?

जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 38 नुसार केंद्र सरकार राज्याशी सल्लामसलत करून नामशेष होण्याच्या मार्गावरील प्रजाती अधिसूचित करू शकते आणि त्यांच्या संकलनावर बंदी किंवा नियंत्रण आणू शकते. 2023 च्या दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या अटींतून सवलत दिली, पण त्यासाठी उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते. खरी कसोटी येथेच आहे. कंद वाळला की तो शेतातला की जंगलातला, हे बघून ओळखणे कठीण. प्रमाणपत्राची तपासणी ढिली राहिली, तर जंगलातला माल शेतातला म्हणून खपू शकतो.

पर्याय आहे का?

आहे, आणि तो नवा नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ असल्याचे म्हटले आहे आणि त्याच ग्रंथात पर्यायही दिले आहेत. काकोली आणि क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, मेदा-महामेदाऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, तर ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. यांपैकी अश्वगंधा आणि शतावरी यांची शेती आज देशात अनेक ठिकाणी होते. म्हणजे जंगलातला कंद न वापरणे ही परंपरेशी तडजोड ठरत नाही.

दुसरा मार्ग लागवडीचा. लिलीचा कंद लसणाच्या गड्ड्यासारखा मांसल पाकळ्यांचा बनलेला असतो. एकेक पाकळी वेगळी करून लावली, तर तिच्यातून नवे छोटे कंद फुटतात. त्यांना वाढायला वेळ लागतो, म्हणून रोपवाटिका आणि खरेदीची हमी नसेल तर डोंगरातला शेतकरी या पिकाकडे वळणे अवघड आहे.

ग्राहकाच्या हाती काय?

‘अष्टवर्गयुक्त’ हा शब्द वाचल्यावर डब्यावरची घटकांची यादीही वाचता येते. त्यात मूळ वनस्पती आहे की पर्यायी, आणि मूळ असेल तर ती लागवडीतून आली का, हे उत्पादकाला विचारता येते. पर्यायी वनस्पती वापरणे म्हणजे भेसळ, हा समज ग्राहकांमध्ये कायम राहिला, तर जंगलातल्या कंदाची मागणीही कायम राहील.