‘एनेबल कन्टेन्ट’ दाबू नका : शाळा, पतसंस्था आणि हिशेबनिसांना आवाहन

शिक्षक बंधू-भगिनींनो, पतसंस्था आणि सोसायट्यांच्या लेखनिकांनो, करसल्लागारांकडे काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आयकराचा हिशेब द्यायचा, मार्चअखेर गाठायची, पाठोपाठ निकालपत्रकं. या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक्सेलच्या फायली एका गटातून दुसऱ्या गटात फिरत असतात. पगार आणि वजावटी भरल्या की सगळा हिशेब मांडून देणारी, गुण भरले की श्रेण्या काढून देणारी शीट कुणीतरी रात्री जागून केलेली असते. ती उघडली की वर पिवळी पट्टी दिसते, पट्टीवर ‘एनेबल कन्टेन्ट’ असं बटण असतं आणि सोबतच्या निरोपात लिहिलेलं असतं, आधी हे बटण दाबा, नाहीतर शीट चालणार नाही. माझी कळकळीची विनंती आहे, ते बटण दाबू नका. दाबल्यावर काय काय घडू शकतं ते आधी समजून घ्या.

शीट म्हणजे आकडे आणि सूत्रं, अशी आपली समजूत असते. ज्या फायलीच्या नावाचा शेवट ‘एक्सएलएसएक्स’ असा होतो तिच्यात मॅक्रो, म्हणजे फायलीतच लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम, राहू शकत नाही, म्हणून तिच्यापुरती ही समजूत बरीचशी खरी आहे. ‘एक्सएलएसएम’, ‘एक्सएलएसबी’ आणि जुन्या ‘एक्सएलएस’ फायलींचं तसं नाही. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हीबीए ही पुरती प्रोग्रामिंगची भाषा आली आणि तिच्यात ‘शेल’ नावाची एक आज्ञा आहे. शेलपुढे अवतरणात प्रोग्रामचं नाव लिहिलं की विंडोज तो प्रोग्राम सुरू करतं. कॅल्क्युलेटर लिहा, कॅल्क्युलेटर उघडेल. पॉवरशेल या विंडोजमधल्याच प्रोग्रामचं नाव लिहून पुढे योग्य तो मजकूर जोडा, इंटरनेटवरून दुसरी फाईल उतरेल आणि चालूही लागेल, तेही एका ओळीत. खिडकी मोठी असावी की लहान, हे सांगण्यासाठी त्याच ओळीत एक आकडा द्यायचा असतो. तिथं शून्य लिहिलं तर खिडकी दिसतच नाही. शिवाय शेल कुणासाठी थांबत नाही. प्रोग्राम सुरू करून दिला की मॅक्रो लगेच पुढच्या ओळीवर जातो. त्यामुळे तुमच्यासमोर शीट नेहमीसारखी उघडते, हिशेब अचूक येतो, आणि मागे काय सुरू झालं याचा पत्ता लागत नाही.

शेलला प्रोग्रामचं नाव लागतं. एखादी पीडीएफ किंवा फोटो उघडायचा असेल तर मॅक्रो लिहिणारे ‘शेलएक्झिक्यूट’ हे विंडोजचं फंक्शन वापरतात. कोणती फाईल कशात उघडायची ते मग विंडोजच ठरवतं. आणि वर्कबुक उघडल्याबरोबर आपोआप चालणारा मॅक्रोही लिहिता येतो. म्हणजे शीटवरच्या कुठल्याच चौकोनाला तुम्ही हात लावला नाहीत, तरी एनेबल कन्टेन्ट दाबताक्षणी काम सुरू झालेलं असतं.

हे सगळं तुमच्या नावानं आणि तुमच्या अधिकारात चालतं. तुम्हाला जे फोल्डर पुसता येतं ते त्या प्रोग्रामलाही पुसता येतं. सभासदांच्या ठेवींची सामायिक ड्राइव्ह तुम्हाला दिसते, तर ती त्यालाही दिसते. सही केलेला कोरा चेक अनोळखी माणसाच्या हातात द्यावा, तसं हे आहे.

मॅक्रो ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. सभासद क्रमांकावर टिचकी मारली की त्याच्या कर्जाच्या कागदपत्रांची पीडीएफ उघडावी, बिलं तयार झाली की छपाईचा प्रोग्राम सुरू व्हावा, ही कामं शेलमुळे सोपी झाली आणि त्यातून अनेकांचे तास वाचले. पण आज्ञा तीच आहे. हिशेबाला मदत करणारी ओळ आणि कार्यालय उद्ध्वस्त करणारी ओळ यांच्यात फरक असतो तो अवतरणातल्या चार शब्दांचा, आणि ते चार शब्द पिवळ्या पट्टीवर दिसत नाहीत.

‘पण फाईल ओळखीच्या माणसानं पाठवली आहे’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं. २६ मार्च १९९९ रोजी पसरलेला मेलिसा हा मॅक्रो व्हायरस ओळखीवरच जगला. वर्डची फाईल उघडली आणि मॅक्रो चालला, की तो आउटलुकच्या वहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून द्यायचा. समोरच्याला मेल दिसायची ती सहकाऱ्याच्या नावानं. पाठवणारा प्रामाणिकच होता, त्याला फक्त आपण काय पाठवतोय हे माहीत नव्हतं. आपल्या गटांवर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असा शिक्का घेऊन येणाऱ्या शीटचं याहून वेगळं काय आहे? मूळ शीट करणारा शिक्षक कुठला, त्यानंतर ती कुणाकुणाच्या हातून गेली, मध्ये कुणी उघडून बदलली का, हे गटातला एकही माणूस सांगू शकत नाही.

आणि याचं टोक कुठे जातं ते युक्रेननं पाहिलं आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी, ऐन हिवाळ्यात, तिथल्या ३ वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांतल्या संगणकांत बाहेरच्या लोकांनी दुरून शिरून उपकेंद्रांमधले ब्रेकर उघडले. सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. कर्मचाऱ्यांना गाड्या काढून उपकेंद्रांवर जावं लागलं आणि हातानं ब्रेकर पुन्हा जोडून काही तासांनी पुरवठा सुरू करावा लागला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत शिरकाव झाला कसा? कित्येक महिने आधी या कंपन्यांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना वर्ड आणि एक्सेलच्या फायली मेलनं आल्या होत्या. फाईल उघडल्यावर मॅक्रो सुरू करा अशी सूचना दिसली आणि लोकांनी ते सुरू केले. त्यातून ब्लॅकएनर्जी नावाचा प्रोग्राम संगणकांवर बसला. मग हल्लेखोरांनी घाई केली नाही. संगणकांच्या जाळ्याची ओळख करून घेतली, आत जाण्याचे पासवर्ड मिळवले आणि एका दुपारी दिवे घालवले. ज्यांनी बटण दाबलं ते विजेच्या यंत्रांजवळ बसलेलेही नव्हते, टेबलावर कागदपत्रांचं काम करणारे, तुमच्यामाझ्यासारखेच लोक होते. ‘आमच्या छोट्या कार्यालयात कोण कशाला येईल’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दार कुणाचं उघडलं यापेक्षा त्या दारातून पुढे कुठे जाता येतं, हे हल्लेखोर बघतो. पतसंस्थेच्या लेखनिकाच्या संगणकावरून ठेवीदारांपर्यंत जाता येतं, शाळेच्या संगणकावरून मुलांच्या आधार क्रमांकांपर्यंत.

मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो ऑफिस यापुढे मुळातच अडवेल. त्यानंतर अशा फायलींवर पिवळ्याऐवजी लाल पट्टी येऊ लागली आणि तिच्यावर एनेबल कन्टेन्टचं बटणच नसतं. हे फार चांगलं झालं. पण आपल्याकडे यावर विसंबून राहता येणार नाही. फाईल इंटरनेटवरून आली हे विंडोज एका लपलेल्या खुणेवरून ओळखतं आणि ती खूण नाजूक आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल, आणि बहुतेक तसेच असतात, तर त्यावर फाईल कॉपी करताना खूण गळून पडते. झिप उघडणारी काही साधनंही ती पुढे नेत नाहीत. आपल्या कार्यालयांत तर फायली पेनड्राइव्हवरूनच फिरतात. मग लाल पट्टी येत नाही, जुनी पिवळीच येते. त्यातच अनेक ठिकाणी ऑफिस २०१० अजून चालू आहे, ज्याला ऑक्टोबर २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. आणखी एक बाब फारच थोड्यांना ठाऊक आहे. एकदा एनेबल कन्टेन्ट दाबलं की एक्सेल ती फाईल विश्वासार्ह म्हणून नोंदवून ठेवतं. ती त्या संगणकावर, त्या जागी असेपर्यंत एक्सेल पुन्हा विचारत नाही.

म्हणून आजपासून एवढं करा. गटावर आलेली शीट आधी मोबाईलवर किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये उघडा. तिथं व्हीबीए चालत नाही, आकडे मात्र दिसतात. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. संगणकावर फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर या वाटेनं मॅक्रो सेटिंग्जमध्ये जा आणि तिथं सगळे मॅक्रो सरसकट चालू करणारा पर्याय निवडलेला असेल तर आत्ताच बदला. काही शीटबरोबर येणाऱ्या सूचनांत तो पर्याय निवडायला सांगितलेलं असतं. कुणीही सांगितलं तरी ते ऐकू नका, त्यानं एका शीटसाठी नव्हे तर पुढे येणाऱ्या प्रत्येक शीटसाठी दार सताड उघडं राहतं.

आयकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवरच चालते, हे खरं आहे. ती वापरायची तर मॅक्रो सुरू करावेच लागतात. पण ती आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या. गटात आलेली, मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेली, ‘हीच ती’ म्हणून सांगितलेली प्रत चालणार नाही. सरकारी युटिलिटीनं आपल्याला बटण दाबायची सवय लावली आहे आणि त्याच सवयीवर लबाडांचा डोळा आहे.

आता शीट तयार करणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे, कारण या प्रश्नाची किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्ही समाजाचं फार मोठं काम विनामूल्य करता. तेवढ्याच आपुलकीनं एक गोष्ट करा, दुसऱ्यांना द्यायच्या शीटमधून मॅक्रो काढून टाका. आयकराचा हिशेब, श्रेण्या, गुणांची सरासरी ही सगळी कामं सूत्रांनी होतात. पीडीएफ किंवा फोटो उघडण्यासाठी शेल लिहिण्याची गरज नाही, हायपरलिंक हे सूत्र तेच काम मॅक्रोशिवाय करतं. शीट ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून साठवली की मॅक्रो आपोआप गळतात, आणि घेणाऱ्याला नुसत्या नावावरून खात्री पटते. मॅक्रोशिवाय गत्यंतरच नसेल तर त्यावर डिजिटल सही करा आणि कोड कुलूपबंद करू नका. तुमची मेहनत कुणी चोरेल ही भीती मला समजते. तरीही कुलूप लावलेल्या मॅक्रोवर कुणी का विश्वास ठेवावा, याचं उत्तर तुमच्यापाशी नसतं.

ज्यांना थोडंफार व्हीबीए कळतं त्यांनी, मॅक्रो बंद ठेवूनच, ऑल्ट आणि एफ-११ दाबून कोड पाहावा. शेल, शेलएक्झिक्यूट, क्रिएटऑब्जेक्ट, पॉवरशेल असे शब्द दिसले तर थांबा आणि करणाऱ्याला विचारा. ते दिसले नाहीत म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. हे शब्द तुकडे करून, उलटे लिहून, वेगवेगळ्या खणांत लपवून ठेवले जातात.

आणि बटण आधीच दाबलेलं असेल तर? शंका आली त्या क्षणी संगणकाची इंटरनेटची केबल काढा, वाय-फाय बंद करा. त्या संगणकावरून बँकेचा कुठलाही व्यवहार करू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून. पैसे गेले असतील तर क्षणभर न थांबता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. संस्थांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे, त्यानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते.

मुख्याध्यापकांनो, व्यवस्थापकांनो, बटण दाबलेल्या माणसावर ओरडू नका. साहेबांच्या भीतीनं दोन दिवस गप्प बसलेला लेखनिक संस्थेचं जेवढं नुकसान करतो, तेवढं ते बटणही करत नाही. ‘माझ्याकडून दाबलं गेलं’ असं त्यानं पाच मिनिटांत येऊन सांगावं, असं वातावरण ठेवणं तुमच्या हातात आहे.

गटचालकांना शेवटची विनंती. आज रात्री आपापल्या गटावर एक सूचना टाका, ‘एक्सएलएसएम’, ‘एक्सएलएसबी’ आणि जुन्या ‘एक्सएलएस’ फायली यापुढे या गटावर टाकू नयेत, टाकल्यास काढल्या जातील. आधी टाकलेल्या फायली शोधून काढून टाका, आणि त्या ज्यांनी उतरवून घेतल्या आहेत त्यांना एकेक करून फोन करा.