पाच वाजून सतरा मिनिटे

यंत्रे आणि मी यांचे पूर्वीपासून बरे नाही, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना निराळे सांगायला नको. वर्गात मी संधी-समास शिकवतो. घरी बल्ब बदलायचा झाला तर शेजारचा मुलगा येतो. अशा माणसाने दिवाळी अंकात मायक्रोकंट्रोलरविषयी लिहावे, याला कारण आमची पाण्याची टाकी. आणि खरे म्हणजे टाकीपेक्षाही आमचे रखवालदार आबा.

आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षे चिटणीस होतो. मराठीच्या प्राध्यापकाला इतिवृत्त तरी धड लिहिता येईल, या समजुतीने ती माळ माझ्या गळ्यात पडली. पहाटे पाचला पंप सुरू करायचा आणि २० मिनिटांनी बंद करायचा, हे काम आबा हाताने करीत. २०२२ साली माझ्या भाच्याने ते एका डबीकडे सोपवले. भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. डबीत ४० पायांची, दोन इंच लांबीची एक चिप. घराणे ८०५१, इंटेल कंपनीने १९८० साली काढलेले. भाच्याने पैसे घेतले नाहीत. त्याच्या अभिनंदनाचा ठराव मीच मांडला आणि मीच लिहिला.

पुढे महिन्यातून एखाद्या दिवशी टाकी काठोकाठ भरेनाशी झाली. नवाच्या सुमारास वरच्या मजल्यांचे नळ सुस्कारे टाकू लागत आणि अंगाला साबण लावलेले सभासद मला फोन करीत. आबांना विचारले तर म्हणाले, "सर, पंप आपसूक बंद पडतो. पाच वाजून सतरा मिनिटांनी."

"दर वेळी सतराच?"

"माझं घड्याळ आहे ना."

आता डबीवर हाताने बंद करायचे एक बटण होते, आणि कोपऱ्यावरच्या टपरीत चहा पाचलाच मिळू लागतो. भाच्याने आपला प्रोग्रॅम संगणकावर पुन्हा चालवून पाहिला, बिनचूक निघाला. मग राहिले कोण? कार्यकारिणीने आबांच्या पगारातून ३०० रुपये कापले. इतिवृत्तातला 'निष्काळजीपणा' हा शब्द माझा. तो मला तेव्हा फार सौम्य वाटला होता.

२०२३ च्या भाऊबीजेला भाचा आला तो एक जडशी पेटी घेऊन. त्याच्या कचेरीने भंगारात काढलेली. तिला म्हणतात इन-सर्किट एम्युलेटर. पेटीतून एक पट्टीसारखी केबल निघते आणि तिच्या टोकाला चिपच्याच मापाचे ४० पायांचे बूड असते. खरी चिप खोबणीतून उपटायची आणि तिच्या जागी हे बूड बसवायचे. डबीला पत्ताही लागत नाही. नाटक कंपनीत मुख्य नट आजारी पडला, की त्याची सगळी भाषणे पाठ असलेला दुसरा नट उभा राहतो, तसे हे. फरक एवढाच, की या नटाला वाक्याच्या मध्यावर थांबवता येते, त्याच्या मनात काय काय आहे ते वाचता येते, त्याच्या मनात नवे काही घालताही येते. शिवाय थांबण्यापूर्वी त्याने कोणकोणती पावले टाकली, त्याची नोंद पेटी ठेवते.

"पण संगणकावर तर बरोबर आलं होतं ना?" मी विचारले.

"मामा, ती दिवाणखान्यातली तालीम," भाचा म्हणाला. "इथे खरी डबी आहे."

त्याच्याकडून कळले, की इंटेलनेच ८०८० या प्रोसेसरसाठी अशी पेटी १९७५ साली काढली होती. ती ज्यांच्यापाशी नसे त्यांचे हाल विचारू नयेत. प्रोग्रॅम चिपमध्ये भरायचा, चालवायचा, चुकला की चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश टाकून पंधरा-वीस मिनिटे पुसत बसायचे, आणि पुन्हा भरायचा. चूक कुठे झाली ते मात्र अंदाजाने. आता बहुतेक नव्या चिपांच्या पोटातच अशी सोय असते. जुन्या घराण्यांना पेटी लागते.

आम्ही पंपखोलीत बसलो. भाच्याने पंपाची तार सोडवून तिथे दिवा लावला. कारण प्रोग्रॅम थांबवला म्हणून पंप थांबत नाही. तो शेवटची आज्ञा धरून चालूच राहतो. मग तो म्हणाला, "हा दोष महिन्यातून एकदा येतो. वाट पाहत बसायची का?"

आबा दारात उभे होते. म्हणाले, "सतरा मिनिटांनी येतो. तुम्हाला सांगितलं होतं."

भाच्याने मान वर केली. "सतरा मिनिटं म्हणजे १०२० सेकंद," तो स्वतःशीच पुटपुटला, "आणि चार मिळवले की १०२४." मग त्याने आबांकडे अशा नजरेने पाहिले, की तशी माझ्याकडे कुणा विद्यार्थ्याने उभ्या हयातीत पाहिलेले नाही.

भानगड अशी. या चिपच्या एका कप्प्यात २५५ पर्यंतच आकडा मावतो. मोठी संख्या दोन कप्प्यांत ठेवायची: एकात सुटे, दुसऱ्यात २५६ चे गठ्ठे. १०२३ म्हणजे ३ गठ्ठे आणि २५५ सुटे; पुढच्या सेकंदाला ४ गठ्ठे आणि सुटे शून्य. प्रोग्रॅम आधी सुटे वाचतो, मग गठ्ठे. सेकंद मोजणारे घड्याळ मात्र मधेच येऊन आकडा बदलते. याला इंटरप्ट म्हणतात. सुटे २५५ वाचून झाले, तेवढ्यात घड्याळ आले, आणि मग गठ्ठे वाचले ते ४. झाले १२७९! पंपाची मर्यादा १२०० सेकंदांची. प्रोग्रॅमला वाटले वेळ उलटली. त्याने पंप बंद केला. हे सारे सेकंदाच्या काही लाखाव्या भागात घडायला हवे, म्हणून महिन्यातून एखादे वेळीच. आणि याआधीच्या गठ्ठ्यांपाशी अशी चूक झाली तरी आकडा १२०० च्या आतच राहतो, म्हणून दर वेळी सतराव्याच मिनिटाला.

पण हे झाले अनुमान. आणि अनुमान तर माझ्यापाशीही होते. भाच्याने पेटीला बजावले, की पंप बंद करण्याच्या आज्ञेपाशी थांब. मग मोजणीत १०२० घालून चालवले. दिवा तेवतच राहिला. पुन्हा १०२०. पुन्हा. आबा मोजत होते. ४६ व्या खेपेला पेटी थांबली. मागची पावले पडद्यावर आली: सुटे वाचले, घड्याळ आले, गठ्ठे वाचले. १२७९.

दुरुस्ती दोन आज्ञांची. वाचण्यापूर्वी घड्याळाला दार बंद करायचे, वाचून झाले की उघडायचे. भाच्याने ती केली, पुन्हा शंभरदा चालवले, आणि पंपाची तार जोडली.

संध्याकाळी मी ३०० रुपये पाकिटात घालून फाटकाशी गेलो. दोन वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले पहिले कसेबसे म्हणून झाले. आबांनी पाकीट उघडले, नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या.

"सर, हे श्रावणातले झाले," ते म्हणाले. "आषाढातही कापले होते."