आधी दवाखाना, मग फोटो



हुमणीचा, लोकरी माव्याचा फोटो मला पाठवता, ते योग्यच. पण गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेला सापाचा फोटो पाठवला. "साहेब, पोराला चावलाय. विषारी आहे का?" काळं अंग, पांढरे पट्टे, बाकी सगळं धूसर. मी दहा मिनिटे तो फोटो मोठा करून बघत बसलो. पोरगा पुढे दवाखान्यात बरा झाला, पण ती दहा मिनिटे माझी चूक होती.

मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक, मानेकडे पुसट. बिनविषारी कवड्याचे नेमके उलटे. पण फोटोत डोके कुठले नि शेपूट कुठले हेच कळेना, तर हे ज्ञान काय कामाचे? घोणस आणि डुरक्या घोणस यांचेही तेच. त्यातून मण्यारीच्या दंशाला सूज-वेदना फारशी नसते. माणूस बरा दिसतो आणि तिथेच घात होतो.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींच्या विषावर एकच लस आहे. डॉक्टर लक्षणे बघून उपचार करतात, सापाचे नाव सांगितलेच पाहिजे अशी अट नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, साप मारण्यात किंवा फोटो काढण्यात वेळ दवडू नका. दंशाचा हातपाय हलवू नका, आवळून बांधू नका, चिरू नका. सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

मला फोन करायचाच तर गाडीत बसल्यावर करा.

– ऊस विकास अधिकारी