खांदेरीचा दिवा कुणाचा?

देऊळगाव राजाच्या विद्यार्थ्याने दीपगृहावर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. समुद्र आपण पाहतो तो सहलीला गेल्यावरच. पण शेजारच्या सिंदखेड राजाच्या जिजाऊंच्या पुत्राने ज्या बेटावर किल्ला उभारला, त्या खांदेरीवर आज दीपगृह आहे. तेव्हा आपले त्याच्याशी थोडे नाते आहेच.

गेल्या हिवाळ्यात अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभा होतो. अंधार पडला आणि समोरच्या बेटावर दिवा चमकू लागला. सोबतच्या मित्राने इतिहास सांगितला. १६७९ साली मराठ्यांनी तेथे तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही चालून आले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट सोडले नाही. पुढे १७१८ साली, कान्होजी आंग्रे यांच्या काळात, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला. ऐकताना ऊर भरून आला. मग मी विचारले, "आणि हा दिवा?" मित्र म्हणाला, "तो इंग्रजांचा, १८६७ चा." विषय तेथेच संपला.

माझ्या मते तो तेथे संपू नये. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारी जहाजे खडकावर फुटू नयेत, आपला व्यापार निर्वेध चालावा, म्हणूनच इंग्रजांनी तो दिवा लावला. त्यात परोपकार नव्हता, हे मान्य. परंतु दिव्याला निशाण ओळखता येत नाही! विलायतेच्या आगबोटीला जो उजेड दिसला, तोच थळच्या कोळ्याच्या होडीलाही दिसला. तटावरचा पहारेकरी आपला कोण आणि परका कोण हे पाहतो. दिवा फक्त खडक कुठे आहे एवढेच सांगतो. एकाच बेटाने ही दोन्ही कामे केली. आणि आज त्या दीपगृहाला नाव आहे कान्होजी आंग्रे यांचे. काळाने केलेला हा न्याय मला मोठा गमतीचा वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या काळी दीपगृहात विजेचे बटण नव्हते. तेल भरायचे, वात कातरायची, काजळी धरलेल्या काचा पुसायच्या आणि रात्रभर जागायचे. एक रात्र डोळा लागला तर कुणाचे तरी गलबत बुडायचे. लढाई काही दिवसांची असते. हे जागरण वर्षानुवर्षांचे होते. लढणाऱ्यांची नावे आपण पाठ करतो, ते योग्यच आहे. जागणाऱ्यांचे एक तरी नाव आपल्याला सांगता येईल काय?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत खांदेरी आहे. आता तेथे पाहुणे येतील, तटाचे फोटो काढतील. त्यांना दिव्याची आणि दिवा राखणाऱ्यांची हकिकतही कुणी सांगावी, एवढीच माझी मागणी आहे.

आणि खांदेरी दूर आहे म्हणून आपण सुटलो असे नाही. आपल्या बालाजीच्या यात्रेत लाटामंडप उभा राहतो, तेव्हा साऱ्यांच्या माना वर असतात. खाली दोर धरून उभ्या असलेल्या हातांकडे कोण पाहतो? पुढील वर्षीच्या अंकात त्या हातांवर कुणी लिहील काय?