नटूनथटून बसायचे, पण किती वाजता?



ऑनलाइन सुनावणीची तयारी कशी करावी, हा गेल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे. मागे साधी भिंत हवी, उजेड समोरून हवा, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीत हवा, माइक बंद ठेवावा, कपडे सौम्य रंगाचे असावेत, अर्धा तास आधी जोडले जावे. सगळे मान्य. पण अर्धा तास आधी म्हणजे कशाच्या आधी? लेखात ते कुठेच नाही. लेखकाला तरी कुठून ठाऊक असणार? ते खुद्द कोर्टालाच ठाऊक नसते.

माझ्या आईचा वाटपाचा दावा कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. गुडघ्यांमुळे तिला आता घाट उतरून जाणे झेपत नाही. तडजोडीबद्दल न्यायाधीशांना सगळ्या पक्षकारांशी स्वतः बोलायचे होते, म्हणून वकिलांनी अर्ज दिला आणि व्हीसीने, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सने, हजर राहायची परवानगी मिळाली. लिंकवर वेळ होती सकाळी साडेदहाची. आई त्याच्या कितीतरी आधी इस्त्रीची साडी नेसून जेवणाच्या टेबलाशी बसली. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. चार्जरची वायर पोहोचेना म्हणून टेबलच भिंतीकडे ओढलेले. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आमचा नंबर कितवा हे वकिलांनी कळवले होते, पण चालू नंबर कोणता हे कळायला काही मार्ग नव्हता. पडद्यावर दिसत होते ते मंचाचे एक टोक आणि फिरणारा पंखा. आवाज अधूनमधून यायचा, तोही कोणाचा ते समजायचे नाही. दुपारची सुट्टी झाली हेसुद्धा पडद्यावरची माणसे उठून गेली तेव्हा लक्षात आले. एवढ्या वेळात आईने पाण्याचा घोट घेतला नव्हता. बाथरूमला जावे आणि नेमका पुकारा व्हावा, ही धास्ती. संध्याकाळी लिंक बंद झाली आणि वकिलांचा निरोप आला: पुढची तारीख.

जून २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या सुनावणीला एक माणूस शौचालयात बसून जोडला गेला, त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि न्यायालयाने त्याला एक लाख रुपये भरायला लावले. ठीकच झाले, त्या प्रकाराचे समर्थन कोण करील? पण तेव्हापासून जो तो पक्षकारांना शिस्त शिकवायला निघाला आहे. माणसाला तासन्‌तास नंबर न सांगता बसवून ठेवणे ही कोणती शिस्त, हे मात्र कोणी विचारत नाही. आईने ती बातमी टीव्हीवर पाहिली होती. पाणी न पिण्यामागे तीही होती.

यापेक्षा तारखेला जाणे परवडले, असे आता वाटते. तिथे निदान पट्टेवाला बाहेर येऊन पुकारा करतो. शेजारच्याला ‘नंबर आला तर हाक मारा’ असे सांगून चहाला जाता येते. पडद्यासमोर बसलेल्याने कोणाला सांगायचे?

पैसा नाही, हे कारण तर कोणी सांगूच नये. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. सात हजार दोनशे दहा कोटी! त्यातून तालुक्याच्या कोर्टाला ‘आता नंबर अमुक चालू आहे’ एवढी एक ओळ दाखवता येऊ नये? मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणत्या दालनात कोणता क्रमांक चालू आहे हे घरबसल्या दिसते. तेच तालुक्याला का नको? आणि व्हिडिओवरून कोर्ट चालवण्याची कल्पनाही काही काल-परवाची नाही. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरची साक्ष मुंबईच्या खटल्यात व्हिडिओ कॉन्फरन्सने घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई या निकालात २००३ सालीच सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बजावले की कोणत्याही उच्च न्यायालयाने वकिलाला वा पक्षकाराला ही सोय नाकारू नये. सोय नाकारली जात नाही हो, पण वापरताना माणूस मेटाकुटीला येतो.

कुठले प्रकरण किती चालेल हे आधी सांगता येत नाही, असे आमचे वकील म्हणतात. मिनिटाचा हिशेब कोणी मागितलाय? व्हीसीवाल्यांना ‘दुपारी तीनच्या आधी घेणार नाही’ एवढे सकाळी सांगायला काय हरकत आहे? दस्तनोंदणीला दुय्यम निबंधकाकडे ‘ई-स्टेप इन’वर वेळ घेता येते, पासपोर्टला वेळ मिळते. तिथेही एखाद्याचे काम लांबतेच की. पण तिथे आलेल्या माणसाचा दिवस हा त्याचा असतो, असे कोणीतरी धरून चालले आहे. कोर्टात पक्षकाराचा दिवस फुकटचा. माझी त्या दिवशीची रजा कोणाच्या खात्यात?

आता या विषयावर लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. आईला ती लिंक आली व्हॉट्सॲपवर, एका अनोळखी मोबाइल क्रमांकावरून. ना कोर्टाचे नाव, ना दाव्याचा क्रमांक, नुसती निळी ओळ. एकीकडे पोलीस कंठशोष करून सांगतात की व्हिडिओवर कोर्ट-पोलीस दाखवून गंडवणाऱ्यांपासून सावध राहा. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतीपुढे भामट्यांनी व्हिडिओवर चक्क बनावट सर्वोच्च न्यायालय उभे केले, खोटे सरन्यायाधीश बसवले आणि सात कोटी उकळले. एवढा व्यवहार पाहिलेला माणूस फसतो, तिथे आमच्या आईची काय कथा! खऱ्या कोर्टाची लिंक तरी कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मिळायला नको का? ती खरी आहे हे आम्हाला कळले ते वकिलांना फोन लावून विचारले म्हणून. ज्यांचे वकील फोन उचलत नाहीत, त्यांनी ती उघडायची की नाही?

— एका पक्षकाराची मुलगी, पुणे